गिटारीचा काठ

गिटारीची परीक्षणं मी पुष्कळ बघतो आणि वाचतो. वरची फळी स्प्रूसची की सीडरची, पाठ शिसवी की महोगनी, आवाज उबदार की लखलखीत, नेक जाड की सडपातळ, या सगळ्यावर पंधरा-वीस मिनिटं तावातावानं बोललं जातं. मग कॅमेरा सावकाश खोक्याच्या कडेवरून फिरतो, निवेदक म्हणतो, "आणि हे बाइंडिंग बघा, काय सुंदर आहे!" आणि पुढे जातो. काठाच्या वाट्याला एवढंच येतं.

दुसरीकडे काही कट्टर मंडळी असतात. त्यांच्या मते काठ म्हणजे शोभा, शोभा म्हणजे पैसे उकळायची सोय, आणि कान असलेल्या माणसानं तिकडे बघायचं कारण नाही. ही मंडळी कॉमेंटमध्ये एका ओळीत निकाल देतात: "आवाजात काय फरक पडतो?"

मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. मी गिटार वाजवतो, बनवत नाही. पण काही वर्षं काठांकडे जरा हट्टानं बघत आलोय. माझं मत असं झालंय की, हातानं बनवलेल्या अकूस्टिक गिटारीत गरज आणि हौस एकाच दोन मिलिमीटरच्या पट्टीत राहतात. त्यामुळे सजावट खरी कधी असते आणि खोटी कधी होते, हे तपासायला यापेक्षा सोयीची जागा मला सापडलेली नाही.

गोट आणि फॉल-बिडिंग

आधी वस्तू समजून घेऊ. गिटारीचं खोकं म्हणजे वर एक पातळ फळी, खाली एक पातळ फळी आणि दोघींना जोडणाऱ्या वाकवलेल्या बाजू. वरची फळी जिथं बाजूला भेटते, त्या कडेवर जी पट्टी बसवतात ती बाइंडिंग. ती लाकडाची असते किंवा प्लास्टिकची. तिच्या आतल्या अंगाला, फळीच्या पृष्ठभागावर, एक किंवा अनेक बारीक रेघांची जी नक्षी असते ती पर्फलिंग. कधी नुसती काळी-पांढरी-काळी, कधी माशाच्या काट्यासारखी विणलेली, कधी चमकत्या शिंपल्याची.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. झबल्याच्या गळ्याला गोट लावतात, तो का? कापलेल्या कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून. नवी साडी घेतली की दुकानदार विचारतो, "फॉल-बिडिंग करून देऊ का?" जमिनीवर घासून काठ झिजू नये म्हणून फॉल, उसवू नये म्हणून बिडिंग. आणि गोट लावायचाच आहे तर मग तो वेगळ्या रंगाचा का नको? गरज आधी आली, हौस तिचा हात धरून मागोमाग आली.

गिटारीचंही तसंच. लाकूड आडवं कापलं की त्याच्या रेषांची तोंडं उघडी पडतात, आणि हवेतला ओलावा लाकडात शिरतो-निघतो तो मुख्यतः या उघड्या तोंडांतून. स्प्रूससारखं लाकूड तर इतकं मऊ असतं की नखानंही खड्डा पडतो. टेबलाच्या कोपऱ्याचा एक धक्का त्याच्या कडेला पुरेसा आहे. बाइंडिंग ही उघडी तोंडं झाकते आणि धक्का स्वतःवर घेते. व्हायोलिनमध्ये पर्फलिंगला आणखी एक काम आहे. तिथली नक्षी कडेच्या थोडी आत, खाच पाडून बसवलेली असते, आणि कडेला गेलेली चीर या रेघेपाशी अडते. लाकडाची रेषा तिथं तुटलेली असते, चिरेला पुढे जायला रस्ता मिळत नाही.

'पर्फल' हा शब्दही मुळात शिंप्याच्या दुनियेतला. जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला 'धागा' हा शब्द आहे. कापडाच्या काठावर धाग्यानं नक्षी काढणं, हा त्याचा पहिला अर्थ. वाद्य बनवणाऱ्यांनी तो उसना घेतला. म्हणजे गोटाची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. ती त्या शब्दातच होती.

दोन मिलिमीटरचं काम

आता हे बसवतात कसं ते बघू, कारण काठाची टीका करायची तर त्यातली अडचण कळायला हवी.

खोकं चिकटवून पूर्ण झालेलं असतं. कित्येक आठवड्यांचं काम हातात आहे: वाकवलेल्या बाजू, आतल्या आधारपट्ट्या, तासून पातळ केलेली फळी. आणि आता कारागिराला या तयार वस्तूची कडा कापून काढायची असते. सगळीकडे, पूर्ण गोल. एक उभी खाच बाइंडिंगसाठी, साधारण सहा मिलिमीटर उंच आणि दीड-दोन मिलिमीटर खोल. तिच्या वर, फळीवर, पर्फलिंगसाठी आणखी एक उथळ पायरी. पूर्वी हे काम कडेपासून ठराविक अंतरावर रेघ मारणाऱ्या पात्यानं आणि पटाशीनं करत. काहीजण आजही करतात. बहुतेकजण राउटर वापरतात.

गंमत अशी की, गिटारीची बाजूसुद्धा दोनच मिलिमीटरच्या आसपास जाड असते. म्हणजे काठाची खाच पाडताना बाजूचं लाकूड त्या जागी जवळजवळ पूर्ण उडून जातं. खोकं सुटत नाही, कारण आतून एक आधारपट्टी (लायनिंग) आधीच चिकटवलेली असते. कारागीर खाच पाडतो ती या न दिसणाऱ्या पट्टीच्या भरवशावर. आणि कापून काढलेल्या जागी बाइंडिंग चिकटली की तीच त्या सांध्याचा भाग होते. "नुसती शोभा" म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांसमोर आणावं. शोभेची म्हटलेली ती पट्टी काढली, तर त्या कडेला फळी आणि बाजू यांच्यामध्ये खड्डा उरतो.

मग पट्टी वाकवायची. प्लास्टिक थोड्या उष्णतेनं वळतं. लाकडी पट्टी तापलेल्या नळीवर ओलसर करून, हळूहळू, गिटारीच्या आकारात आणावी लागते. कंबरेपाशी वळण उलटं फिरतं, तिथं ती मोडण्याची भीती सगळ्यात जास्त. लाटांसारख्या रेषांचं मेपल दिसायला देखणं, पण वाकवताना त्या लाटांवरच कडकन तुटतं. वाकलेली पट्टी सरस किंवा दुसरा गोंद लावून खाचेत दाबायची आणि इंचाइंचावर टेप ओढून बांधायची. जुन्या स्पॅनिश पद्धतीत सगळं खोकं दोरीनं गुंडाळतात, जखमेला पट्टी बांधावी तसं. गोंद लागला की बारीक पर्फलिंग फुगते आणि मघाशी बरोबर बसणारी रेघ आता खाचेत जात नाही. गोंद सुकायच्या आत निर्णय घ्यायचा. दुसऱ्या दिवशी टेप काढल्यावर पोलादी पात्यानं खरवडून सगळं एका पातळीत आणायचं. इथं हात जड पडला तर काळी रेघ एका जागी जाड आणि एका जागी बारीक दिसते, आणि ती तशीच कायम राहते.

चुका लपत नाहीत, हे या कामाचं वैशिष्ट्य. आतली आधारपट्टी थोडी वाकडी असली तर कुणी आरसा घालून बघणार नाही. काठ मात्र उजेडात असतो. म्हणून गिटार बघताना मी तीन जागा बघतो. पहिली कंबर: पट्टी तिथं बाजूला पूर्ण टेकलीय का, की केसाएवढी फट आहे? दुसरी गिटारीचं बूड, जिथं डावी-उजवी पट्टी एकमेकींना भेटतात: उभी रेघ आणि आडवी रेघ फोटोफ्रेमच्या कोपऱ्यासारख्या तिरक्या जुळल्यात का, की एक दुसरीला टक्कर मारून थांबलीय? तिसरी नेकच्या टाचेची जागा, जिथं काठ संपतो आणि कारागिराला वाटतं की आता कोण बघतंय. या तीन जागा मला कारागिराविषयी लेबलपेक्षा जास्त सांगतात. आवाजात काठामुळे कानाला कळण्याएवढा फरक पडतो, असा माझा दावा नाही. पण ज्यानं काठाची तिसरी जागा नीट केलीय, त्यानं आतल्या न दिसणाऱ्या जागाही नीट केल्या असतील, असं मानायला मला आधार मिळतो.

अठरा, अठ्ठावीस, पंचेचाळीस

आता दुसरी बाजू. काठ खोटा कसा होतो?

मार्टिन या अमेरिकी कंपनीचं उदाहरण घेऊ. तिच्या गिटारींची नावं अक्षर आणि आकडा अशी असतात: डी-१८, डी-२८, डी-४५. अक्षर आकार सांगतं. आकडा सांगतो 'स्टाइल', म्हणजे लाकूड आणि सजावट. एकोणिसाव्या शतकात हे आकडे डॉलरमधल्या किमतीशी जोडलेले होते. किमती कधीच्या पुढे गेल्या, आकडे राहिले. स्टाइल १८ साधी, महोगनीची. स्टाइल २८ शिसवी, आणि तिच्या कडेला माशाच्या काट्यासारखी हेरिंगबोन नक्षी. स्टाइल ४५ सुद्धा शिसवीच, पण काठाला सगळीकडे अबलोन शिंपल्याची निळी-हिरवी झळाळी. पहिली डी-४५ १९३३ मध्ये जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नटासाठी बनली, आणि १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ बनल्या. आज त्यांची किंमत ऐकून घर आठवतं.

अठरा आणि अठ्ठावीसमध्ये लाकूडच वेगळं आहे, तेव्हा आवाजाचा फरक समजू शकतो. पण अठ्ठावीस आणि पंचेचाळीस यांच्यातला मोठा फरक काठाचा आहे. शिंपल्याचे शेकडो बारीक तुकडे एकेक करून बसवणं हे प्रचंड काम आहे आणि त्याचे पैसे मिळायलाच हवेत, यात वाद नाही. वाद आहे तो वाचण्याच्या सवयीशी. या शिडीनं गिटार वाजवणाऱ्या पिढ्यांना शिकवलं की, काठ बघा आणि माणूस कुठल्या पायरीवर आहे ते ओळखा. काठ हा हुद्दा झाला.

हेरिंगबोनची गोष्ट याहून बोलकी आहे. रंगवलेल्या आणि साध्या लाकडाच्या बारीक फाका तिरक्या जोडून केलेली ही नक्षीपट्टी जर्मनीहून तयार यायची. दुसरं महायुद्ध झालं आणि जुना साठा संपला. १९४७ मध्ये मार्टिननं डी-२८ वरून हेरिंगबोन काढून साधी काळी-पांढरी पट्टी लावली. झालं इतकंच. पण साधारण त्याच काळात गिटारीच्या आतल्या आधारपट्ट्याही बदलल्या होत्या, आणि पुढे ज्यांना जुन्या गिटारींचा आवाज आवडायचा त्यांना दुरून ओळखायला एक खूण हवी होती. ती खूण म्हणजे हेरिंगबोन. नक्षीनं आवाज केला नव्हता. ती फक्त त्या काळाची साक्षीदार होती. तरी लोक 'हेरिंगबोन' हाच शब्द आवाजाच्या जागी वापरू लागले. १९७६ मध्ये कंपनीनं एचडी-२८ या नावानं ती नक्षी परत आणली, आणि नावातल्या 'एच'चा अर्थच हेरिंगबोन. साक्षीदाराला बढती मिळून तो नायक झाला.

शोभा आणि आवाज यांची गाठ सोडवण्याचं काम तसं फार आधी होऊन गेलंय. आजच्या क्लासिकल गिटारीला जो आकार आहे तो बहुतांशी आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराचा. १८५८ मध्ये त्यानं सेव्हियाच्या प्रदर्शनासाठी एक गिटार बनवली. जडावकामानं गच्च भरलेली. तिला पदकही मिळालं. चारच वर्षांनी, १८६२ मध्ये, त्यानं दुसरी एक गिटार बनवली. वरची फळी स्प्रूसची, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती आता बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

पुठ्ठ्याची गिटार सगळ्यांना आवडते, कारण ती गोष्ट म्हणून छान आहे. पण मला या दोन गिटारी एकत्र बघाव्याशा वाटतात. एकाच माणसाच्या हातच्या. शोभेला आवाजात स्थान नाही हे ज्यानं पुठ्ठा लावून सिद्ध केलं, त्यालाच शोभेचं काम उत्तम येत होतं. आपल्या हातात एक टोक सापडलं की आपण दुसरं फेकून देतो. तोरेसनं तसं केलं नाही.

हस्तिदंताची नक्कल

काठ कशाचा बनवतात, हाही टीकेचाच भाग आहे. एकोणिसाव्या शतकातल्या महागड्या गिटारींचा काठ हस्तिदंताचा असायचा. मार्टिननं १९१८ च्या सुमारास काठासाठी हस्तिदंत सोडला आणि सेल्युलॉइड धरलं.

सेल्युलॉइडचा जन्मच हत्तीच्या टंचाईतून झालाय. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. एका एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. १८६० च्या दशकात एका अमेरिकी कंपनीनं पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. जॉन वेस्ली हायट हा छापखान्यात काम केलेला तरुण त्या मागे लागला आणि १८७० मध्ये सेल्युलॉइडचं पेटंट निघालं: नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. होय, देवघरातला कापूर. मग या नव्या पदार्थात मुद्दाम बारीक पिवळसर रेषा घालून तो हस्तिदंतासारखा दिसेल असं केलं गेलं. कासवाच्या पाठीची नक्कलही झाली.

नक्कल म्हणून नाक मुरडण्याआधी थांबायला हवं. या नकलेनं हत्ती सगळे वाचवले असं नाही, पण सुळ्याशिवाय काठ सुंदर होऊ शकतो हे तिनं दाखवलं. मला खोटेपणा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. माझी पहिली गिटार स्वस्तातली होती. तिच्या कडेवर काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या, आणि त्या रंगवलेल्या होत्या. वर्षभरात हाताखालच्या जागी घासून गेल्या. खाली ना पट्टी, ना खाच, उघडं लाकूड. सेल्युलॉइड निदान हस्तिदंताचं काम करतं. रंगवलेली रेघ काठाचं फक्त सोंग आणते. धक्का बसला की दोघांमधला फरक लगेच कळतो.

अर्थात सेल्युलॉइडनं स्वतःचा सूड घेतलाच. त्यातला कापूर उडत जातो आणि पट्टी वर्षानुवर्षं आखडत राहते. जुन्या गिटारींचा काठ सुटतो तो बहुधा कंबरेपाशी, कारण आखडलेली पट्टी आतल्या वळणावर सरळ व्हायला बघते आणि लाकूड सोडून उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे हा पदार्थ सडायला लागला की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि जवळचा धातू गंजतो. शोभेचा भागच शेजाऱ्याला खातो.

गुरूचा काठ, शिष्याचा काठ

न्यूयॉर्कच्या लिटल इटलीमध्ये जॉन डी'अँजेलिको नावाचा कारागीर होता. जन्म १९०५, मृत्यू १९६४. तो जॅझसाठी आर्चटॉप गिटारी बनवायचा: व्हायोलिनसारखी कोरलेली, फुगीर फळी असलेल्या, विजेशिवाय बँडच्या वर ऐकू येतील अशा. त्याची 'न्यूयॉर्कर' बघा. काठाला काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकचे थरावर थर, टेलपीसला पायऱ्या, माथ्यावर शिंपल्याची गगनचुंबी इमारत. हे काम मला अतिशय आवडतं. इथं काठ हुद्दा सांगत नाही, गाव सांगतो. त्या काळात उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींच्या रेघा एका माणसानं लाकडाच्या खोक्याभोवती ओढल्यात. पण त्याच्या अनेक गिटारींवरचं सेल्युलॉइड पुढे सडलं, हेही खरं.

त्याच्या हाताखाली पन्नासच्या दशकात एक पोरगा आला, जिमी डी'अक्विस्तो. गुरू गेल्यावर त्यानं दुकान चालवलं, सुरुवातीला गुरूसारख्याच गिटारी बनवल्या. मग वर्षागणिक तो एकेक गोष्ट काढत गेला. शिंपल्याची नक्षी गेली. प्लास्टिकचे थर गेले. धातूचा टेलपीस जाऊन आबनुसाचा आला. शेवटच्या वर्षांतल्या 'अवाँ-गार्द', 'सेंचुरा', 'सोलो' या गिटारींवर जवळपास सगळं लाकूडच उरलं. १९९५ मध्ये तो गेला. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये या दोघांच्या आणि जॉन मॉन्टेलिओनीच्या गिटारींचं प्रदर्शन झालं. वाद्यबनवणीची एक परंपरा तिथं चित्रशिल्पांच्या बरोबरीनं मांडली गेली.

गुरू-शिष्याची ही गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगतात: गुरू भडक, शिष्य शुद्ध; शोभा गेली आणि कला उरली. या चालीच्या मागे व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस उभा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं अलंकरणाला गुन्हाच ठरवलं. त्यातला एक मुद्दा वजनदार होता: अलंकरणात कारागिराचे श्रम वाया जातात आणि त्याला पुरेसा मोबदला मिळत नाही.

मला ही चाल डी'अक्विस्तोच्या बाबतीत पटत नाही. त्यानं शोभा काढली असं म्हणणं म्हणजे त्याच्या गिटारी नीट न बघणं. आबनुसाचा तो टेलपीस कसा वळलाय, फळीतल्या छिद्रांच्या कडा कशा सोडल्यात, ते बघा. प्लास्टिकच्या थरांत जाणारे तास आता लाकडाची कडा तासण्यात गेलेत. श्रम कमी झालेले नाहीत, त्यांची जागा बदललीय. काठाला लपायला पट्टी नाही म्हटल्यावर कडेची प्रत्येक चूक उघडी पडते. गुरूनं रेघ ओढून काठ दाखवला, शिष्यानं रेघ न ओढता. काठाचं महत्त्व दोघांनीही तितकंच मानलं.

त्याच्यानंतर मात्र 'काहीच नसणं' हीसुद्धा एक फॅशन झाली. आज पुष्कळ महाग गिटारी कडा नुसत्या गोलसर करून, मंद पॉलिश मारून, 'मिनिमल' म्हणून विकल्या जातात. काही त्यात उत्तम आहेत. काहींमध्ये पट्टी बसवण्याचं अवघड काम टाळलंय आणि टाळल्याबद्दल जास्त पैसे घेतलेत. शिंपला जसा हुद्दा होऊ शकतो, तसा शिंपल्याचा अभावही होऊ शकतो.

मिरजेचा तंबोरा

सेल्युलॉइडची वाट आपल्याकडेही येते. मिरजेच्या सतारमेकरांची परंपरा एकोणिसाव्या शतकातली, फरीदसाहेबांपासूनची. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून. तिथंही अडचण तीच आहे जी गिटारीची: लाकडाची तबली भोपळ्याच्या कापलेल्या तोंडाला भेटते, तो सांधा उघडा ठेवायचा नाही. म्हणून कडेनं पट्टी. ही पट्टी पूर्वी हस्तिदंताची किंवा हाडा-शिंगाची असे. पुढे सेल्युलॉइड आणि प्लास्टिक आलं. त्यावर बारीक रेघा आणि वेलबुट्टी कोरून त्यात रंग भरतात. भोपळा आणि गळा यांच्या सांध्यावर कोरलेली लाकडी पानं बसतात. ती बघताना वेल वाटते, पण ती बसलीय बरोबर जोडावर.

गिटारवाल्यांचा "आवाजात काय फरक पडतो?" हा प्रश्न तंबोऱ्याच्या बाबतीत कुणी विचारलेला मी ऐकला नाही. मैफलीत तंबोरा गाणाऱ्याच्या मागे उभा असतो. दोन-तीन तास श्रोत्याच्या नजरेसमोर सगळ्यात स्थिर गोष्ट तीच. तिचा काठ सुंदर असावा हे आपल्याला इतकं साहजिक वाटतं की आपण त्याच्याकडे बघतही नाही. गिटारीच्या काठावर भांडण तरी होतं. आपल्या काठांवर ना भांडण, ना कौतुक.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही चांगली गोष्ट आहे, पण मानांकन गावाचं नाव राखतं. कोरलेली रेघ आणि साच्यातून काढलेली रेघ यांतला फरक ओळखायला गिऱ्हाइकाचा डोळा लागतो. तो डोळा नसेल तर कोरणाऱ्याला जास्त पैसे मागता येणार नाहीत, आणि लोसची तक्रार खरी ठरेल: श्रम जातील, मोबदला मिळणार नाही. लोसनं यावर अलंकरणच बंद करा असं सुचवलं. मला वाटतं, बघायला शिकणं हा जास्त स्वस्त उपाय आहे.

काठ कुठून आला

आपली गाठ आणखी एका ठिकाणी आहे. ब्राझीलचं शिसवी लाकूड दुर्मीळ होत गेलं तसं मार्टिननं १९६९ मध्ये भारतीय शिसवी घेतलं. आज जगातल्या असंख्य गिटारींची पाठ, आणि कितीतरी गिटारींचा काठ, दक्षिण भारतातल्या जंगलातून आलेला आहे. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींना परवाने लागू लागले, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ उजाडावं लागलं. जवळपास तीन वर्षं गिटारीच्या काठावरची बारीक शिसवी पट्टीसुद्धा कागदपत्रांचा विषय होती.

म्हणून काठाबद्दल मी शेवटी दोन प्रश्न विचारतो. तो कडेचं काही काम करतो का? आणि तो जिथून आणला, तिथं त्याच्यासाठी काय तोडलं, काय मारलं? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल, तर ती रंगवलेली रेघ आहे, मग ती खऱ्या शिंपल्याची का असेना. दुसऱ्याचं उत्तर हत्ती असेल, तर काम कितीही बारीक असो, मला ते बघवत नाही. दोन्ही कसोट्यांना उतरल्यावर मात्र काठ हवा तेवढा नटू दे. तीन रेघा असोत की तीनशे तुकडे, मला तक्रार नाही. शिंप्यानं गोट लाल लावला म्हणून झबलं खोटं होत नाही.

पुढच्या वेळी दुकानात किंवा मित्राच्या घरी चांगली गिटार हातात आली, तर वाजवण्याआधी ती उलटी करा. बुडाशी जा, जिथं दोन पट्ट्या भेटतात. नख फिरवा. अडकलं नाही, तर ज्या माणसानं ते केलंय त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोला, आणि मग खुशाल तारा छेडा.